वाद, वितंडा आणि मधली भिंत

आमच्या आणि शेजारच्या मास्तरांच्या घराला मिळून एकच भिंत आहे, आणि तीही साडेचार इंची. रात्रीचे नऊ वाजले की भिंतीच्या अलीकडे मराठी वाहिनीवर चर्चा सुरू होते आणि पलीकडे कन्नड वाहिनीवर. भिंतीला कान असतात असे म्हणतात. आमच्या भिंतीला तोंडही आहे. बेळगावात जन्म गेलेल्या माणसाला दोन्ही भाषा कळतात. त्यामुळे इच्छा असो वा नसो, एका कानाने एक आणि दुसऱ्या कानाने दुसरी, अशा दोन्ही चर्चा ऐकू येतात. ऐकू येणे वेगळे आणि ऐकणे वेगळे. हा फरक मला सत्तरी ओलांडल्यावर कळला, आणि कळला तो फारसा मानाने नव्हे.

२०२२ चा डिसेंबर वाचकांना आठवत असेल. जत तालुक्यातल्या गावांवरून नोव्हेंबरातच दोन राज्यांत शब्दाला शब्द लागला होता. ६ डिसेंबरला हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या मालमोटारींवर दगड पडले आणि त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. एसटी बंद झाली. त्या रात्री आमच्या टीव्हीवर मालमोटारीची फुटलेली काच पुन्हा पुन्हा दिसत होती आणि मास्तरांच्या टीव्हीवर पुण्याची काळी झालेली बस. यातले एकही चित्र खोटे नव्हते. चाळीस वर्षे जिल्हा न्यायालयात वकिली केल्यामुळे या प्रकारचे साक्षीदार मला चांगले माहीत आहेत. विचारले तेवढेच सांगतात, सांगतात ते अक्षर न् अक्षर खरे असते, आणि तरीही न्यायाधीशाच्या मनात उभे राहते ते चित्र साफ चुकीचे असते.

आपल्याकडे ध्रुवीकरण म्हटले की पक्ष डोळ्यांपुढे येतात. दिल्लीच्या वाहिन्यांवर ते तसे असेलही. सीमाभागात मात्र पक्ष मागे पडतात आणि भाषा पुढे येते. त्याच डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या विधिमंडळांनी सीमाप्रश्नावर आपापले ठराव केले, आणि दोन्हीकडे ते एकमताने झाले. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एका रात्रीत एका बाजूला उभे राहिले. तेव्हा इथली वाहिनी कोणत्या पक्षाची, हे विचारण्यात अर्थ नसतो. ती कोणत्या लिपीत लिहिते एवढे कळले की तिचा निकालही कळतो.

दोनच दिवसांनी संध्याकाळी मला एका मराठी वाहिनीवरून फोन आला. रात्रीच्या चर्चेत सीमाभागातला ज्येष्ठ मराठी वकील म्हणून मी बोलावे, अशी विनंती होती. खोटे कशाला सांगू, बरे वाटले. इस्त्रीचा सदरा घातला. सुनेने डब्यांची चवड रचून तिच्यावर मोबाइल उभा केला. फोनवरचा मुलगा मोठा अदबशीर होता. तो म्हणाला, “सर, थोडं जोरात बोला. मुद्दा पहिल्या वाक्यातच येऊ दे. आणि कुणी मधे बोललं तरी तुम्ही थांबू नका.” माझ्या सगळ्या वकिलीत असा सल्ला मला कोणी दिला नव्हता. कोर्टात मी असा वागलो असतो तर सनद गेली नसती, पण अब्रू गेली असती.

मी एका कागदावर पाच वाक्ये लिहून ठेवली होती. आमच्या गल्लीत कोणाला कोणाची भीती नाही, हे पहिले. मराठी माणसाचे गाऱ्हाणे आहे आणि ते खरे आहे, हे दुसरे: सरकारी कागद त्याला त्याच्या भाषेत मिळत नाहीत, आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत आलेले ३५० अ आणि ३५० ब हे अनुच्छेद पुस्तकातच राहतात. दगड मारणारे मूठभर, काळे फासणारेही मूठभर, हे तिसरे. बाकीची दोन सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून असलेल्या महाराष्ट्राच्या दाव्याबद्दल होती. पाऊण तास मी कानात बोंडे घालून बसलो. पडद्यावर आठ चौकटी होत्या आणि आठांतले पाच जण एका वेळी बोलत होते. मग एकदम माझे नाव आले.

“वकीलसाहेब, एका वाक्यात सांगा. आज बेळगावात मराठी माणसाला घराबाहेर पडायची भीती वाटते की नाही?”

मी म्हणालो, “प्रश्न भीतीचा नाही, गाऱ्हाण्याचा आहे. आमची कागदपत्रे...”

“हो की नाही, वकीलसाहेब?”

आणि मी म्हणालो, “हो. वाटते.”

त्यानंतरही मी बोलत होतो, पण माझा आवाज तिकडून बंद केला असावा, कारण सुनेने बाहेरच्या खोलीतून खूण केली की ऐकू येत नाही. खालच्या पट्टीवर मात्र माझे नाव आणि ‘भीतीच्या छायेत’ हे शब्द बराच वेळ फिरत राहिले.

त्या संध्याकाळी सहा वाजता मी पायी बाजारात जाऊन आलो होतो. कानडी भाजीवालीशी घासाघीस करून मेथीची जुडी आणली होती. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या, त्या मास्तरांनी स्वतः औषधाच्या दुकानातून आणून दिल्या होत्या. मला कशाचीही भीती वाटत नव्हती.

सकाळी मास्तर पूजेची फुले तोडत होते. कन्नड शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला हा माणूस; मराठी उत्तम बोलतो, फक्त वाक्याचा शेवट कानडी चढावर नेतो. ते म्हणाले, “काय हो वकीलसाहेब, रात्री टीव्हीवर बघितलं तुम्हाला. भीती वाटते म्हणालासा. कुणाची?”

मी म्हणालो, “मास्तर, ते आपलं टीव्हीपुरतं हो.”

“टीव्हीपुरतं म्हणजे कुणापुरतं?”

त्यांनी हे रागाने विचारले नाही. वर्गात एखाद्या मुलाला गणिताची पायरी विचारावी तसे विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता फुले घेऊन आत गेले. मी तो प्रश्न घेऊन तिथेच उभा राहिलो आणि अजूनही पुष्कळसा तिथेच उभा आहे.

पहिला बचाव वकिलाला सुचतो तोच मला सुचला. पक्ष घेणे हा तर माझा धंदा. आयुष्यभर मी एकाच बाजूने बोलत आलो, त्याचे पैसे घेतले आणि रात्री शांत झोपलो. मग या एका ‘हो’ने झोप का उडावी? पुष्कळ विचार केल्यावर लक्षात आले की कोर्टात मी एका बाजूने बोलू शकतो, कारण बाकीच्या गोष्टी माझ्यासाठी दुसरे कोणी सांभाळत असते. दावा आणि कैफियत आधीच लेखी असतात. साक्षीदार शपथेवर बोलतो आणि खोटे बोलला तर त्याला शिक्षा होऊ शकते. माझे संपले की समोरच्या वकिलाला तितकाच वेळ मिळतो आणि तेव्हा मला गप्प बसावे लागते. वर बसलेला माणूस दोघांचाही कोणी लागत नाही. माझ्या एकांगीपणाला असे चारी बाजूंनी बांध घातलेले असतात, म्हणून तो समाजाला सोसतो. टीव्हीवरच्या चर्चेत हे सगळे बांध काढून टाकले आणि वकील तेवढे ठेवले. निवेदकही वकील. आणि न्यायाधीश कोण, तर घरी जेवता जेवता पाहणारा माणूस, जो स्वतःच पक्षकार आहे.

यावर लोक म्हणतात, दोन्ही बाजूंना बोलवावे म्हणजे झाले. या उपायाचाही अनुभव जगाला आहे. अमेरिकेत १९४९ पासून असा नियम होता की, रेडिओ-टीव्हीवर वादग्रस्त विषय आला तर विरोधी मतालाही वाजवी जागा द्यावी. १९८७ साली तो रद्द झाला आणि त्यानंतर तिथला एकांगीपणा वाढला, असे पुष्कळजण मानतात. ते खरे असेल. पण नियम असतानाच, १९८२ साली, सीएनएनवर ‘क्रॉसफायर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला होता. एक डावा, एक उजवा. दोन्ही बाजू हजर, आणि रोज जुगलबंदी. २००४ च्या ऑक्टोबरात जॉन स्टुअर्ट हा विनोदकार त्यात पाहुणा म्हणून आला आणि विनोद सोडून दोन्ही यजमानांना तोंडावर म्हणाला की, तुम्ही करता ती चर्चा नव्हे, तुम्ही देशाचे नुकसान करता आहात. पुढच्या वर्षी कार्यक्रम बंद झाला. दोन बाजू समोरासमोर बसवल्या म्हणून न्याय होत नाही. कोंबड्यांच्या झुंजीतही दोन्ही बाजूंना समान संधी असते.

आपल्या जुन्या लोकांनी या गोष्टीचा किती बारीक विचार केला होता याचे आश्चर्य वाटते. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय ते कळावे म्हणून होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. त्यात शब्दच्छल आणि आडवळणी उत्तरेही चालतात. आणि ज्याला स्वतःचे मत सिद्ध करायचेच नसते, फक्त दुसऱ्याचे मोडायचे असते, त्याची ती वितंडा. आपण ‘वितंडवाद’ म्हणतो तो शब्द इथलाच. पण सूत्रकार भाबडा नाही. जल्प आणि वितंडा यांनाही तो एक काम देतो: कोवळ्या अंकुराभोवती जसे काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात, तसे हाती आलेल्या सत्याच्या रक्षणासाठी त्यांचा उपयोग करावा. आमचे वकिलीचे काम फार तर हे कुंपणाचे. नऊच्या चर्चेत कुंपण भरपूर असते. आत काही पेरलेले आहे का, हे कोणी वाकून पाहत नाही.

पेरायला खर्च येतो, हेही एक कारण. हिरेबागेवाडीला बातमीदार पाठवायचा, त्याने चार दिवस राहायचे, मालमोटारवाल्याशी, पोलिसाशी, गावकऱ्याशी बोलायचे, म्हणजे गाडी आली, मुक्काम आला. माझ्यासारखा म्हातारा डब्यांच्या चवडीसमोर फुकट बसतो. सगळा दोष टीआरपीच्या माथी मारण्याची रीत आहे. २०२० साली देशातल्या सुमारे ४४ हजार घरांतल्या यंत्रांवरून ही मोजणी होत असे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात फेरफाराचे आरोप झाल्यावर बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे जाहीर होणे थांबले, ते थेट मार्च २०२२ पर्यंत. म्हणजे जवळजवळ दीड वर्ष परीक्षा बंद होती. त्या काळात आरडाओरडा कमी झाल्याचे माझ्या कानांना तरी जाणवले नाही. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवेदकाच्या जबाबदारीवर बोट ठेवले आणि सरकार मूक साक्षीदार का, असे विचारले. वर्षभराने, सप्टेंबर २०२३ मध्ये, विरोधी पक्षांच्या आघाडीने चौदा निवेदकांच्या कार्यक्रमांना आपली माणसे न पाठवण्याचे ठरवले. ते चूक की बरोबर यावर त्याच रात्री चर्चा झाल्या आणि त्या अधिकच एकतर्फी झाल्या, कारण एक बाजू आलीच नव्हती.

पण हे सगळे बोलून मी मास्तरांच्या प्रश्नापासून लांब पळतो आहे. निवेदकाने मला ‘हो की नाही’त कोंडले हे खरे. तरी ‘हो’ माझा होता. ‘नाही’ म्हटले असते तर? तेही अर्धेच ठरले असते, आणि मराठी घरांतून मला घरभेदी म्हटले गेले असते. मला वाटते, त्या क्षणी मी प्रश्नाचे उत्तर दिलेच नाही. माझ्या माणसांना काय ऐकायचे आहे ते मी ओळखले आणि ते त्यांना दिले. गाऱ्हाणे मांडायला कागद लागतो, तारीख लागते, समोरच्याची सवड लागते. भीतीला नुसता चेहरा पुरतो. माझे गाऱ्हाणे खरे होते. मी ते मोडीत काढले आणि त्या बदल्यात एक खोटी भीती घेतली, कारण ती लवकर खपत होती. यात माझ्या मराठीचेही नुकसान झाले, पण ते नंतर सुचले.

लहानपणी ऐकलेली एक कथा या संदर्भात मला पुन्हा पुन्हा आठवते. शंकराचार्य आणि मंडनमिश्र यांचा वाद माहिष्मतीत झाला. काहीजण नर्मदेकाठचे महेश्वर ते हेच म्हणतात. पंच म्हणून बसली ती मंडनमिश्रांची बायको, उभयभारती. म्हणजे एका पक्षकाराची पत्नी न्यायाधीश! आमच्या कायद्याने हा निकाल पहिल्याच तारखेला रद्द झाला असता. तिने दोघांच्या गळ्यात माळा घातल्या, ज्याची माळ आधी कोमेजेल तो हरला असे सांगितले, आणि ती घरकामाला निघून गेली. संतापाने अंग तापते आणि तापलेल्या अंगावर फूल टिकत नाही, असा त्यावरचा खुलासा. रोज दुपारी ती नवऱ्याला जेवायला आणि संन्याशाला भिक्षेला बोलावी. शेवटच्या दिवशी तिने दोघांनाही भिक्षेलाच बोलावले. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा मार्ग पत्करायचा, अशी पैज होती. नवरा हरला, आता तोही संन्यासी, हा निकाल तिने जेवणाच्या हाकेत दिला. कथाच ती. पण पुढचा भाग लोक सांगायचे विसरतात, किंवा वेगळ्याच चवीने सांगतात. निकाल दिल्यावर ती उठली आणि म्हणाली की, पत्नी ही पतीचे अर्धे अंग; मला हरवल्याशिवाय तुमचा विजय पुरा नाही. आणि ती स्वतः वादाला बसली.

म्हणजे ती तटस्थ नव्हती. नवऱ्याची बाजू तिने सोडली नाही. पण आधी तिने दोघांचे ऐकले, नवऱ्याविरुद्ध जाते ते मान्य केले, आणि मग त्याच्या बाजूने उभी राहिली. आम्ही क्रम उलटा करतो. आधी उभे राहतो आणि उभे राहिल्यावर ऐकण्याची गरज संपते. तिच्या नावाचीही मला गंमत वाटते. भारती म्हणजे वाणी, आणि तीही उभय. दोन भाषांच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला हे नाव ओळखीचे वाटायला हवे.

मास्तरांना मी पुढच्या आठवड्यात एवढेच म्हणालो की, रात्री तुमच्याकडे येऊ का, तुमची वाहिनी बघायला. ते म्हणाले, “या की.” मग एक दिवस त्यांच्याकडे आणि एक दिवस आमच्याकडे, असे आम्ही पंधरा-वीस दिवस बसलो. फार गोड चित्र डोळ्यांपुढे आणू नये. पहिल्या दिवशी कन्नड वाहिनीवर सीमाभागातल्या मराठी माणसांबद्दल जे बोलले गेले ते ऐकून माझा चहा गार झाला. भिंतीतून हे रोज ऐकू येत होते, पण तेव्हा ते ‘त्यांचे’ होते. त्यांच्याच घरात, त्यांच्याच खुर्चीवर बसून ऐकताना ते माझ्याबद्दल झाले. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मास्तरांची तीच गत झाली. एका शब्दावर त्यांनी मला थांबवून अर्थ विचारला, आणि अर्थ सांगताना मला लाज वाटली.

महाजन आयोगावरून आमचे एकदा चांगलेच वाजले. कन्नड वाहिनीवर तो अहवाल म्हणजे वेदवाक्य आणि मराठीत रद्दी. त्यात काय लिहिले आहे, हे मात्र दोन्हीकडे कोणी सांगत नव्हते. मी कपाटातून माझी जुनी टिपणे काढली. १९६६ साली नेमलेल्या आणि १९६७ साली अहवाल देणाऱ्या या आयोगाने बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यातच ठेवायला सांगितले, पण निपाणीसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे तिकडे द्यावीत असेही सुचवले. मास्तर गप्प झाले. अहवाल अंतिम मानायचा तर निपाणी द्यावी लागते, हे त्यांच्या वाहिनीने त्यांना सांगितले नव्हते. मीही गप्प झालो, कारण बेळगावबद्दलचे पहिले वाक्य मी आजवर सभांमधून कधीच वाचून दाखवले नव्हते. मते दोघांचीही बदलली नाहीत. अहवाल मान्य करून प्रश्न मिटवावा, असे ते म्हणतात. लोकांचे मत विचारात न घेता ओढलेली रेषा मला मान्य नाही आणि दाव्याचा निकाल लागलाच पाहिजे, असे मी म्हणतो. यावर आजही आमचा आवाज चढतो. त्या रात्री दोघांनीही टीव्ही बंद केला होता, हे मात्र आमच्या लक्षात नंतर आले.

२०२५ च्या फेब्रुवारीत बसमधल्या वाहक-प्रवाशाच्या भाषेच्या भांडणावरून पुन्हा दोन राज्यांच्या बसगाड्या थांबल्या, आणि पुन्हा मला फोन आला. मुलगा नवा होता, अदब तीच. मी म्हणालो, येतो, पण माझी पाच वाक्ये सलग पूर्ण होऊ द्यावी लागतील. तो म्हणाला, “बघतो, सर.” मास्तर तेव्हा आमच्याच बाकावर बसले होते. ते मला कानडीत म्हणाले, विचारा त्याला, मी पण बोलू का. मी विचारले. मुलगा एकदम खूश झाला. म्हणाला, “वा सर, कन्नड शेजारी! दोघांनाही घेऊ. फक्त दोन वेगळे फोन लागतील. दोघे दोन चौकटींत पाहिजेत.”

मी म्हणालो, “अहो, आम्ही एकाच बाकावर बसलो आहोत. एकाच चौकटीत घ्या.”

तो क्षणभर थांबला. “नाही सर, तसं नाही जमणार. समोरासमोर दिसायला हवेत ना.”

मी फोनवर हात ठेवून मास्तरांना सांगितले. त्यांनी मधल्या भिंतीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, “म्हणजे मी आता उठून घरी जायचं की काय?”